तापदर्शक, जुन्या मोटारगाड्यांच्या एंजिनांचा

मोटारगाडीच्या एंजिनातील शीतक पाण्याचे किंवा अन्य शीतक द्रवाचे तापमान मोजून ते चालकास दाखविणाऱ्या साधनास एंजिनाचा तापदर्शक म्हणतात. त्याचे तीन भाग असतात : (१) उष्णतेचा परिणाम स्वीकारणारा संवेदक, (२) तो परिणाम चालकाच्या आसनासमोरील फलकापर्यंत पोहोचविणारी नळी किंवा तार आणि (३) तबकडी व काटा असलेला दर्शक. अगदी जुन्या गाड्यांत हे तिन्ही भाग एकाच साधनात सामावलेले असत.

तापदर्शक ‘एंजिनाचे तापमान’ दाखवितो असे म्हणण्याचा प्रघात असला, तरी ते पूर्णतः खरे नाही. सिलिंडरातील ज्वलनाचे तापमान २,०००° से.पेक्षा अधिक असते, सिलिंडराची भिंत त्या मानाने पुष्कळच थंड असते व शीतक पाणी त्याहूनही थंड असते. तापदर्शक ज्या एका ठिकाणी संवेदक बसविला असेल, तेथील शीतकाचे तापमान तेवढे दाखवितो. ही मर्यादा ध्यानात घेतली नाही, तर काटा सुरक्षित खुणेवर असतानाही एंजिन निकामी होऊ शकते. वऱ्हाडातील अमरावती व अकोला यांसारख्या उष्ण प्रदेशात जुनी गाडी वापरताना या गोष्टीस विशेष महत्त्व येते.

गरज : पेट्रोल एंजिनात जळणाऱ्या इंधनापासून मिळणाऱ्या उष्णतेपैकी स्थूलमानाने एक-तृतीयांश उष्णता शीतक पाण्यावाटे बाहेर टाकावी लागते. ती बाहेर गेली नाही, तर वंगण तेल पातळ होऊन त्याचा थर तुटतो, दट्ट्या प्रसरण पावून सिलिंडरात अडकतो, सिलिंडराचे शीर्ष वाकडे होते व त्याखालील सांधपट्टी जळून पाणी सिलिंडरात शिरते. उलटपक्षी एंजिन फार थंड राहिल्यास पेट्रोलाची नीट वाफ होत नाही. त्याचा काही भाग द्रवरूपातच सिलिंडराच्या भिंतीवरून तेलात उतरतो आणि झीज वाढते. म्हणून शीतकाचे तापमान बहुतेक एंजिनांत ८०° ते ९०° से.च्या आसपास राखतात. पाणी उकळू लागेपर्यंतचे अंतर यामुळे फार थोडे उरते व ते किती उरले आहे, हे कळविणे हेच तापदर्शकाचे मुख्य कार्य होय.

इतिहास : प्रारंभीच्या मोटारगाड्यांत तापदर्शक नसे. रेडिएटरच्या झाकणातून वाफ येऊ लागली की पाणी उकळले, असे चालक समजे. हॅरिसन बॉइस यांच्या एकस्वावर आधारलेला ‘मोटोमीटर’ अमेरिकेत १९१० नंतरच्या दशकात प्रचारात आला. हा काचनळीचा तापमापक असून तो रेडिएटरच्या झाकणावर गोल धातूच्या चौकटीत उभा बसविलेला असे. त्याचे टोक रेडिएटरच्या वरच्या टाकीत, पाण्याच्या पृष्ठभागावरील मोकळ्या जागेत येई. म्हणजे तो पाण्याचे नव्हे, तर पाण्यावरील हवा व वाफ यांचे तापमान मोजी. नळीतील रंगीत द्रवाचा स्तंभ चालकास आसनावरून दिसत असे. फोर्ड कंपनीच्या टी नमुन्याच्या गाडीत (१९०८–२७) फलकावर तापदर्शक नसल्याने अनेक मालक असा मापक स्वतंत्रपणे विकत घेऊन बसवीत. पुढे अनेक कारखान्यांनी आपले बोधचिन्ह कोरलेले मापक वापरल्याने तो गाडीच्या शोभेचाही एक भाग बनला.

रेडिएटर पुढील झाकणाखाली गेला आणि रात्रीचा प्रवास वाढला, तसे हे साधन गैरसोयीचे ठरले. १९२० नंतरच्या दशकात फलकावरील बाष्पदाबी तापदर्शक प्रचारात येऊ लागले. त्यानंतर विद्युत् तापदर्शक आले व दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांचा प्रसार झपाट्याने झाला. भारतात जनरल मोटर्स कंपनीने १९२८ मध्ये मुंबईतील शिवडी येथे गाड्यांची जुळणी सुरू केली. स्वातंत्र्यानंतर महिंद्र कंपनीने विलीज जीप गाड्यांची जुळणी मुंबईत केली. हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसडर १९५०–६० या दशकाच्या अखेरीस व मुंबईच्या प्रीमिअर कारखान्याची फियाट ११०० डी (पुढे पद्मिनी) १९६४ पासून रस्त्यावर आली. त्यामुळे भारतातील जुन्या गाड्यांमध्ये अमेरिकन, ब्रिटिश व इटालियन अशा निरनिराळ्या परंपरांचे तापदर्शक आढळतात.

बाष्पदाबी तापदर्शक : यात पितळेचा किंवा तांब्याचा एक लहान फुगा सिलिंडराच्या शीर्षात, शीतकात बुडेल असा बसवितात. फुग्यात ईथरासारखा लवकर बाष्पीभवन होणारा द्रव काही प्रमाणात भरलेला असतो. फुग्यापासून निघालेली तांब्याची केशनलिका फलकावरील दर्शकातील बूर्दाँ नळीस जोडलेली असते. फ्रेंच अभियंते यूझेन बूर्दाँ यांनी १८४९ मध्ये शोधलेली ही नळी चपट्या छेदाची व कमानीसारखी वाकविलेली असते. आतील दाब वाढला की ती उलगडू पाहते व तिच्या मोकळ्या टोकाच्या हालचालीने काटा फिरतो. काही गाड्यांत केशनलिकेवर तारेचे वेटोळे गुंडाळून तिला संरक्षण दिलेले असते.

ईथराचा बाष्पदाब सु. ३५° से.ला १ वातावरण, ५६° से.ला २ वातावरण व ९०° से.ला ५ वातावरण असतो. दाब असा अधिकाधिक वेगाने वाढत असल्याने तबकडीच्या खुणा समान अंतरावर नसतात; थंड बाजूस त्या दाटीने व उष्ण बाजूस विरळ असतात. हा दोष नसून गुणच आहे, कारण जेथे बारकाईने वाचण्याची गरज असते, तेथेच काट्याची हालचाल मोठी होते. दाब फुग्यातील द्रव व बाष्प यांच्या सीमेवरील तापमानावर अवलंबून असल्याने एंजिन तापल्यावर केशनलिका कोठून नेली आहे, याचा वाचनावर विशेष परिणाम होत नाही. या साधनास विजेची जरूरी नसते. दुसऱ्या महायुद्धकाळातील जीप गाड्यांत हाच प्रकार वापरलेला होता. नाजूक केशनलिका हा त्याचा एकमेव मोठा दोष होय : ती मोडली वा तिला चीर पडली, तर बाष्प निसटते व काटा कायमचा थंड बाजूस पडून राहतो.

विद्युत् तापदर्शक : यांचे तीन प्रकार जुन्या गाड्यांत आढळतात. पहिल्या प्रकारात संवेदक व दर्शक या दोहोंत द्विधातुपट्ट्या असतात. भिन्न प्रसरणांक असलेल्या दोन धातूंची एकत्र जोडलेली पट्टी तापली की वाकते. संवेदकातील पट्टीभोवती गुंडाळलेल्या तारेतून प्रवाह गेला की पट्टी वाकून मंडल तुटते व थंड झाली की पुन्हा जुळते. एंजिन थंड असताना मंडल अधिक वेळ जुळलेले राहते व सरासरी प्रवाह जास्त असतो. एंजिन तापले की तो कमी होतो. म्हणजे प्रवाह जितका कमी, तितके वाचन अधिक. त्यामुळे अशा काही गाड्यांत किल्ली बंद केल्यावर काटा ‘गरम’ या खुणेकडे जातो. अनभिज्ञ मालकास तो बिघाड वाटतो, परंतु ती त्या साधनाची स्वाभाविक अवस्था होय.

दुसऱ्या प्रकारात संवेदक म्हणून थर्मिस्टर वापरतात. तापमान वाढले की ज्यांचा विद्युत् रोध कमी होतो, अशा अर्धसंवाहक पदार्थांचा हा घटक असतो. या गुणधर्माचे निरीक्षण मायकेल फॅराडे यांनी १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइडाच्या बाबतीत केले होते. व्यापारी थर्मिस्टर मात्र सॅम्युएल रूबेन यांच्या १९३० मधील कार्यानंतर पुढे आले. मोटारगाडीतील थर्मिस्टराचा रोध थंड एंजिनात काहीशे ओहम असतो, तर उकळत्या पाण्यात तो काही दशक ओहमांपर्यंत उतरतो. रोध कमी झाला की दर्शकातील द्विधातुपट्टीभोवतीच्या तारेतून अधिक प्रवाह जातो, पट्टी वाकते व काटा सावकाश वर चढतो. गाडीतील विद्युत् दाब कमीजास्त झाल्यास वाचन बदलू नये, म्हणून ब्रिटिश बनावटीच्या अनेक १२ व्होल्टच्या गाड्यांत सरासरी १० व्होल्ट दाब देणारा स्थिरक बसविलेला असतो. तोच स्थिरक इंधनदर्शकासही दाब पुरवितो. म्हणून तापदर्शक व इंधनदर्शक हे दोन्ही एकाच वेळी अवाजवी वाचन दाखवू लागले, तर दोष एंजिनात नसून बहुधा स्थिरकात असतो.

तिसऱ्या प्रकारात दर्शकात दोन वेटोळी असून काटा त्यांच्या चुंबकीय क्षेत्रांच्या परस्पर प्रमाणानुसार स्थिर होतो. विद्युत् दाब बदलल्यास दोन्ही क्षेत्रे सारख्याच प्रमाणात बदलतात, त्यामुळे स्थिरकाची गरज राहत नाही.

उष्ण प्रदेशातील परिस्थिती : रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकू शकतो, हे पाणी व हवा यांच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते. रेडिएटर पूर्ण क्षमतेने काम करीत असताना २५° से. तापमानाच्या हवेत पाणी ८०° से.वर स्थिरावते, असे मानल्यास हा फरक ५५° होतो. अकोला व अमरावती येथे एप्रिल-मे महिन्यांत हवेचे तापमान अनेकदा ४५° से.च्या आसपास जाते. इतर सर्व गोष्टी तशाच ठेवून तेवढीच उष्णता बाहेर टाकावयाची, तर पाणी १००° से.पर्यंत तापले पाहिजे. अकोला समुद्रसपाटीपासून सु. २८० मी. व अमरावती सु. ३४० मी. उंचीवर असल्याने तेथे पाणी सु. ९९° से.लाच उकळते. म्हणजे जी गाडी थंड हवामानात निर्धोक चालते, तीच कसलाही बिघाड नसता वऱ्हाडात उन्हाळ्यातील दुपारी उकळू शकते.

परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे (उंची सु. १,१०० मी.) घाट चढताना ही अडचण आणखी वाढते. खालच्या दंतचक्रावर एंजिन जोराने काम करीत असते, गाडीचा वेग मात्र अल्प असल्याने रेडिएटरमधून हवा कमी वाहते. वर गेल्यावर हवा थंड मिळते हे खरे. पण तेथे वातावरणाचा दाब कमी असल्याने पाण्याचा उत्कलनबिंदू सु. ९६° से.पर्यंत खाली येतो. जुन्या तबकड्या बहुधा फॅरेनहाइट अंशांत असतात व २१२° ही खूण उकळण्याची मानली जाते. ती समुद्रसपाटीपुरतीच खरी आहे. उघड्या शीतन व्यवस्थेच्या गाडीत अकोल्यास ती २१०° व चिखलदऱ्यास सु. २०५° समजावयास हवी. त्याचप्रमाणे ज्या तबकडीची पहिली खूण १००° फॅ. असते, तिचा काटा मे महिन्यातील दुपारी एंजिन सुरू करण्यापूर्वीच त्या खुणेच्या पुढे आढळतो, कारण ४५° से. म्हणजे ११३° फॅ. होय.

रेडिएटरवर दाब राखणारे झाकण बसविल्यास उत्कलनबिंदू वाढतो. दर चौ. सेंमी.ला ०.५ किग्रॅ. जादा दाबास तो सु. १११° से. होतो. पाण्यात एथिलीन ग्लायकॉल निम्म्या प्रमाणात मिसळल्यासही तो वातावरणीय दाबास सु. १०७° से.पर्यंत जातो. वऱ्हाडात पाणी गोठण्याचे भय नसले, तरी या मिश्रणातील गंजरोधक द्रव्ये उपयोगी पडतात. मात्र ग्लायकॉल विषारी असल्याने ते उघड्यावर टाकू नये. ज्या गाड्यांचे रेडिएटर मुळात उघड्या व्यवस्थेसाठी बनविलेले आहेत, त्यांवर दाबाचे झाकण बसविल्यास जुने डाख उकलण्याचा संभव असतो.

पाण्याची प्रत हा या प्रदेशातील दुसरा प्रश्न होय. अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या खोऱ्यात भूजल खारट असलेला विस्तृत पट्टा आहे. त्यास खारपाणपट्टा म्हणतात. असे पाणी रेडिएटरमध्ये वारंवार भरल्यास क्षारांची पुटे चढतात व धातू गंजतो. पुटाची उष्णतासंवाहकता तांब्याच्या मानाने शेकडो पटींनी कमी असते. रेडिएटरमधील पुटामुळे पाणी अधिक तापते आणि सिलिंडराभोवतालच्या पोकळीतील पुटामुळे धातूची उष्णता पाण्यास नीट मिळत नाही. संवेदकावरही पूट चढल्यास काटा उशिरा हलतो. धातू अधिक तापलेला व दर्शक मात्र निश्चिंत, अशी घातक विसंगती त्यातून निर्माण होते. यासाठी ऊर्ध्वपातित किंवा निदान गाळून साठविलेले पावसाचे पाणी वापरणे श्रेयस्कर ठरते.

वाचनाचा अर्थ : काटा कोणत्या खुणेवर आहे यापेक्षा तो कसा हलतो, याकडे लक्ष देणे अधिक महत्त्वाचे असते. चढावर सावकाश चढून उतारावर पूर्ववत होणारा काटा व्यवस्था ठीक असल्याचे दाखवितो. सपाट रस्त्यावर एकाएकी चढणारा काटा पंख्याचा पट्टा तुटल्याचे, पंप बंद पडल्याचे किंवा थर्मोस्टॅट झडप मिटलेल्या स्थितीत अडकल्याचे सूचक असतो. गाडी थांबवून एंजिन बंद केल्यावर काटा काही काळ वर चढतो, कारण पाण्याचे अभिसरण थांबलेले असते व धातूतील उष्णता स्थिर पाण्यात उतरत असते. हे स्वाभाविक आहे.

काटा एकाएकी खाली येणे ही सर्वांत धोक्याची खूण होय. पाणी गळून संवेदक उघडा पडला, तर त्यास पाण्याऐवजी वाफ व हवा यांचा स्पर्श होतो. त्यांच्याकडून संवेदकास उष्णता फार कमी मिळते व तो खरे तापमान दाखवीत नाही. एंजिन जळण्याच्या बेतात असताना चालकास ते थंड झाल्याचा भास होतो. ज्या गाड्यांत पंप नसून तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वर चढण्यावर अभिसरण अवलंबून असते, त्यांत पाण्याची पातळी रेडिएटरच्या वरच्या नळीखाली गेल्याबरोबर अभिसरणच थांबते. म्हणून उन्हाळ्यातील प्रवासापूर्वी थंड एंजिनात पाण्याची पातळी डोळ्यांनी पाहणे, याला तापदर्शक हा पर्याय होऊ शकत नाही.

काटा धोक्याच्या खुणेकडे गेल्यास एंजिनावरील भार कमी करून गाडी सावलीत उभी करतात. पाणी पुरेसे असेल, तर पंखा व पंप चालू राहावेत म्हणून एंजिन काही वेळ मंद गतीने चालू ठेवतात. रेडिएटरचे झाकण लगेच उघडू नये. आतील पाणी दाबाखाली असल्यास दाब सुटताक्षणी त्याची वाफ होऊन ते उसळते व चेहरा आणि हात गंभीररीत्या भाजतात. तापलेल्या एंजिनात एकदम थंड पाणी ओतल्यास ओतीव लोखंडास तडा जातो.

तपासणी व दुरुस्ती : संवेदक काढून तापमापकासह पाण्याच्या भांड्यात ठेवतात, पाणी हळूहळू तापवितात व वाचनांची तुलना करतात. उकळत्या पाण्यातील वाचन स्थळाच्या उंचीनुसार दुरुस्त करून घ्यावे लागते. थर्मिस्टराच्या प्रकारात संवेदकाची तार सुटी केल्यास काटा थंड बाजूस राहिला पाहिजे व ती क्षणभर एंजिनाच्या धातूस टेकविल्यास तो उष्ण बाजूकडे सरकला पाहिजे. तसे झाल्यास दर्शक व तार ठीक असून दोष संवेदकात आहे, असा निष्कर्ष निघतो. बहुतेक संवेदकांचे मंडल त्यांच्या आट्यांवाटे एंजिनाशी पूर्ण होते. गळती थांबविण्यासाठी आट्यांवर जाड फीत गुंडाळली, तर हा मार्ग खंडित होऊन वाचन कमी येते.

संवेदक व दर्शक ही जोडी असते. दिसण्यात सारखा, परंतु वेगळ्या रोधाचा संवेदक बसविल्यास काटा हलतो, पण खोटे सांगतो. भारतात अनेक जीप व अन्य जुन्या गाड्यांत मूळ पेट्रोल एंजिनाच्या जागी डीझेल एंजिने बसविली गेली. अशा गाड्यांत नव्या एंजिनाचा संवेदक व जुनी तबकडी यांचा मेळ बसतो की नाही, हे तपासणे आवश्यक असते. तसेच ६ व्होल्टच्या गाडीत १२ व्होल्टची विद्युत् घटमाला बसविल्यास द्विधातुपट्टीच्या दर्शकातील तार जळू शकते.

बाष्पदाबी दर्शकाची तुटलेली केशनलिका नुसती डाख देऊन जोडल्याने काम भागत नाही, कारण आतील ईथर निसटलेले असते. यासाठी दुसऱ्या दर्शकाचा भरलेला फुगा घेऊन तो बर्फ व मीठ यांच्या मिश्रणात थंड ठेवतात, त्यामुळे ईथराचे बाष्पीभवन रोखले जाते व त्या अवधीत दोन्ही नळ्या जोडतात. ईथर अत्यंत ज्वालाग्राही असून त्याचे बाष्प हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत दूरवर पसरते. बंदिस्त जागेत व उघड्या ज्योतीजवळ हे काम करणे प्राणघातक ठरू शकते. ते अनुभवी कारागिराकडूनच करवून घेणे इष्ट होय.

जतन : अलीकडील मोटारगाड्यांत संवेदकाचा संदेश प्रथम संगणकीय नियंत्रकाकडे जातो. त्यांपैकी पुष्कळ गाड्यांत तापमान नेहमीच्या मर्यादेत असेपर्यंत काटा मध्यभागी स्थिर ठेवण्याची योजना असते, तर काहींत काट्याऐवजी केवळ इशारा-दिवा असतो. जुना दर्शक मात्र चढ, ऊन, वारा व पाण्याची पातळी यांतील प्रत्येक बदल चालकास कळवितो. भारतात २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक जुनी, मूळ स्वरूपात जपलेली व लक्षणीय फेरफार न केलेली खाजगी दुचाकी व चारचाकी वाहने ‘व्हिंटेज’ या वर्गात येतात आणि त्यांना ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला स्वतंत्र नोंदणी क्रमांक मिळतो. त्यामुळे मूळ तबकडी, फुगा व केशनलिका टिकविण्यास महत्त्व आले आहे. मूळ साधन काढून टाकण्यापेक्षा ते जागच्या जागी राखून त्याच्या जोडीला दृष्टीआड बसविलेला, सहज काढता येण्याजोगा दुसरा तापमापक वापरणे हा व्यवहार्य मार्ग होय. त्यायोगे जुन्या साधनाचे वाचन पडताळून पाहता येते आणि उन्हाळ्यात एंजिनाचेही रक्षण होते.